जेएमएक्सचा पोर्ट एकाच पत्त्यावर बांधायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं आहेत, एकावर सार्वजनिक पत्ता आणि दुसऱ्यावर अंतर्गत १०.२०.०.५. टॉमकॅट या वेब सर्व्हरवर जावाचं ॲप्लिकेशन चालतं. त्याचं जेएमएक्स, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून मेमरी, थ्रेड वगैरे बघायची आणि चालत्या ॲप्लिकेशनची सेटिंगं बदलायची सोय, ९०१० पोर्टवर चालू आहे. ती फक्त अंतर्गत पत्त्यावर मिळावी म्हणून ‘जावा.आरएमआय.सर्व्हर.होस्टनेम’ला १०.२०.०.५ दिलं आणि टॉमकॅट पुन्हा सुरू केला. तरी ऐकणारे पोर्ट दाखवणारी ‘एसएस’ कमांड ९०१० सगळ्या पत्त्यांवर उघडा दाखवते, आणि सुरक्षा तपासणीच्या अहवालातही तेच आलंय. आता काय करायचं?

तुम्हाला हवी ती प्रॉपर्टी वेगळी आहे: ‘कॉम.सन.मॅनेजमेंट.जेएमएक्सरिमोट.होस्ट’. ती जावा ९ मध्ये आणि जावा ८ च्या अपडेट १०२ मध्ये, म्हणजे जुलै २०१६ मध्ये आली. त्याआधी जेएमएक्स चालवणाऱ्या, जावासोबतच येणाऱ्या एजंटला ‘अमुक पत्त्यावरच ऐक’ असं सांगायची साधी सोय नव्हती. त्यामुळे होस्टनेमचा तोडगा जुन्या स्क्रिप्टांमधून हातोहात पुढे येत राहिला आणि अजून येतो. पण ही एक ओळ टाकून काम संपत नाही. (नावं इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच मूळ रोमन स्पेलिंग, ठिपक्यांसकट. ‘कॉम.सन.मॅनेजमेंट’ हा सुरुवातीचा भाग दरवेळी लिहीत नाही.)

आधी होस्टनेमचं प्रकरण नीट समजून घेऊ, कारण पुढचे बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतात.

जेएमएक्स दूरवरून वापरताना आत आरएमआय (एका जावाने दुसऱ्या मशीनवरच्या जावाची मेथड चालवायची पद्धत) चालतं, आणि आरएमआयची भेट दोन टप्प्यांत होते. तुमचं जेकन्सोल किंवा व्हिज्युअलव्हीएम, म्हणजे जेएमएक्स बघायचं साधन, आधी ९०१० वर जातं. तिथे असते रजिस्ट्री. सरकारी कचेरीतल्या चौकशीच्या खिडकीसारखं तिचं काम: ती स्वतः काही करत नाही, ‘अमुक टेबलावर जा’ अशी चिठ्ठी देते. त्या चिठ्ठीला आरएमआयच्या भाषेत स्टब म्हणतात आणि तिच्यावर एक पत्ता आणि एक पोर्ट लिहिलेला असतो. मग जेकन्सोल पहिली जोडणी बाजूला ठेवून चिठ्ठीवरच्या पत्त्याला नवी जोडणी करतं. खरं काम, म्हणजे एमबीन (जेएमएक्सने बघायला-बदलायला खुल्या केलेल्या वस्तू) वाचणं, बदलणं, त्यांच्या मेथड चालवणं, या दुसऱ्या जोडणीवर होतं.

‘जावा.आरएमआय.सर्व्हर.होस्टनेम’ फक्त त्या चिठ्ठीवरचा पत्ता ठरवतं. सॉकेट (जोडणी ऐकायचं तोंड) कुठे उघडायचं याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. ते तुम्ही १०.२०.०.५ केलंत, चिठ्ठीवर १०.२०.०.५ आलं, आणि रजिस्ट्री व तिच्यामागचं टेबल दोन्ही आधीसारखी सगळ्या पत्त्यांवर ऐकत राहिली. ‘एसएस’ने तुम्हाला खरं तेच दाखवलं.

यातला जास्त घातक प्रकार म्हणजे होस्टनेमला १२७.०.०.१ देणं. ते दिलं की बाहेरच्या मशीनवरून जेकन्सोल जोडलं जात नाही. चिठ्ठीवर १२७.०.०.१ असतं, आणि जेकन्सोल स्वतःच्याच मशीनवर टेबल शोधत बसतं. माणूस तीनदा करून बघतो, ‘बाहेरून बंद झालं’ अशी नोंद करतो आणि प्रकरण संपवतो. प्रत्यक्षात काही बंद झालेलं नसतं. चिठ्ठीवरचा पत्ता न मानता मूळ सर्व्हरच्याच पत्त्यावर दुसरी जोडणी केली की टेबल उघडं सापडतं. बीनशूटर आणि रिमोट-मेथड-गेसर ही सुरक्षा तपासणीतली माहितीतली साधनं आपोआप हेच करतात, त्यासाठी वेगळा पर्यायसुद्धा द्यावा लागत नाही. म्हणून जेकन्सोल जोडलं न जाणं हा पोर्ट बंद असल्याचा पुरावा मानू नका. पुरावा ‘एसएस’चा आणि बाहेरच्या मशीनवरून केलेल्या पोर्ट स्कॅनचा.

आता बांधणी. टॉमकॅटच्या बिन फोल्डरमध्ये ‘सेटएन्व्ह.एसएच’ ही फाइल असते, नसली तर तयार करा. तिच्यात कॅटालिना_ऑप्ट्स या व्हेरिएबलमध्ये हे जाईल, प्रत्येकाच्या आधी ‘-डी’ लावून:

जेएमएक्सरिमोट.पोर्ट = ९०१०
जेएमएक्सरिमोट.आरएमआय.पोर्ट = ९०११
जेएमएक्सरिमोट.होस्ट = १०.२०.०.५
जावा.आरएमआय.सर्व्हर.होस्टनेम = १०.२०.०.५

चौथ्या ओळीला ‘कॉम.सन.मॅनेजमेंट’ लागत नाही, ती आरएमआयची स्वतःची प्रॉपर्टी आहे. पण ती काढू नका. होस्टने सॉकेट कुठे उघडायचं ते ठरतं, चिठ्ठीवरचा पत्ता मात्र होस्टनेमवरूनच येतो. होस्टनेम दिलं नाही तर जावा मशीनचं नाव घेऊन त्याचा पत्ता शोधतं आणि तो लिहून टाकतं. डेबियन आणि उबुंटूवर ‘/ईटीसी/होस्ट्स’ फाइलमध्ये मशीनच्या नावापुढे बहुधा १२७.०.१.१ असतं. मग जेकन्सोलची पूर्ण एरर उघडून बघितली की ‘कनेक्शन रिफ्यूज्ड टू होस्ट: १२७.०.१.१’ असं दिसतं. तुम्ही तर १०.२०.०.५ ला जोडत होता, हा पत्ता आला कुठून म्हणून माणूस तासभर फायरवॉल चाळत बसतो. फायरवॉल तपासण्याआधी सर्व्हरवर ‘होस्टनेम -आय’ (छोटा आय) चालवून बघा. दोन कार्डांच्या मशीनवर तर होस्ट आणि होस्टनेम ही जोडी कायम एकत्रच लिहायची.

दुसरी ओळ, आरएमआय.पोर्ट, ही सुद्धा सोडू नका. ती नसली तर दुसऱ्या टप्प्याचा पोर्ट जावा दरवेळी नवा, यादृच्छिक निवडतं, आणि अशा पोर्टला फायरवॉलमध्ये नियम लिहिता येत नाही. मग कोणीतरी कंटाळून १०२४ च्या वरचे सगळे पोर्ट उघडतं. हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिलं आहे. दोन्ही ओळींना एकच पोर्ट देता येतो आणि बरेच जण देतात. मी लागोपाठचे दोन देतो. एक तर ‘एसएस’मध्ये कोणता कशाचा ते लगेच कळतं, आणि दुसरं म्हणजे एसएसएल (कूटबद्ध जोडणी) चालू करताना एकाच पोर्टवर रजिस्ट्री साधी आणि टेबल एसएसएलवर अशी खिचडी होऊन ‘पोर्ट ऑलरेडी इन यूज’ यायची भानगड राहत नाही. (एकच पोर्ट हवा असेल तर जेएमएक्सरिमोट.रजिस्ट्री.एसएसएल सुद्धा ट्रू करावं लागतं.)

हे सगळं कॅटालिना_ऑप्ट्समध्येच टाका, जावा_ऑप्ट्समध्ये नाही. जावा_ऑप्ट्स हे ‘शटडाउन.एसएच’लाही लागू होतं. टॉमकॅट बंद करायला जे छोटं जावा सुरू होतं तेही ९०१० पोर्ट धरायला जातं, तो आधीच धरलेला असतो, आणि बंद करण्याचा निरोप पोचायच्या आतच ते मरतं. टॉमकॅट बंद होत नाही म्हणून ‘किल -९’ मारायची सवय लागलेल्या कितीतरी ठिकाणी मूळ कारण एवढंच असतं.

पुन्हा सुरू केल्यावर ‘एसएस -एलटीएनपी’चं चित्र बघा. होस्टची ओळ नसती तर असं दिसलं असतं:

*:९०१०
*:९०११
*:४१८७३

आता असं दिसायला हवं:

[::एफएफएफएफ:१०.२०.०.५]:९०१०
[::एफएफएफएफ:१०.२०.०.५]:९०११
*:३५२४१

पहिल्या दोन ओळींतलं ‘::एफएफएफएफ’ बघून घाबरू नका. जावा दोन्ही पिढ्यांच्या आयपीसाठी एकच सॉकेट वापरतं, म्हणून आयपीव्ही४ चा पत्ता आयपीव्ही६ च्या वेष्टनात दिसतो. अर्थ तोच: फक्त १०.२०.०.५ वर ऐकतंय.

तिसरी ओळ मात्र दरवेळी चर्चेत येते. हा पोर्ट तुम्ही मागितलेला नाही, दर रीस्टार्टला त्याचा आकडा बदलतो, आणि होस्ट प्रॉपर्टी त्याला लागू पडत नाही. त्याच मशीनवरून जेकन्सोल जोडता यावं म्हणून एजंट तो स्वतःहून उघडतो. सगळ्या पत्त्यांवर उघडलेला असला तरी येणारी जोडणी स्वतःच्याच मशीनवरची आहे का हे जावा तपासतं आणि नसेल तर तोडून टाकतं. ही तपासणी ‘जेएमएक्सरिमोट.लोकल.ओन्ली’वर चालते आणि ते मुळातच ट्रू असतं. जुन्या सेटिंगांत कोणी ते फॉल्स करून ठेवलेलं नाही ना एवढं बघून घ्या. स्कॅनरला मात्र टीसीपीची जोडणी झालेली दिसते, म्हणून तो ‘ओपन’ लिहितो. तपासणी करणाऱ्यांना हे कारण लेखी द्या आणि शिवाय तो फायरवॉलने झाका. तोंडी समजावलंत तर पुढच्या वर्षी पुन्हा तोच मुद्दा येईल.

होस्टला नाव न देता आकडी पत्ता द्या. नाव दिलं की ते कोणत्या पत्त्यावर उलगडेल याची जबाबदारी डीएनएसवर किंवा ‘होस्ट्स’ फाइलवर जाते. ‘लोकलहोस्ट’सुद्धा काही मशीनवर आधी आयपीव्ही६ च्या ::१ वर उलगडतं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण ती नेमकी रात्री रीबूट झाल्यावर समोर येते. दिलेला पत्ता मशीनवर त्या क्षणी हजर नसेल तर एजंट सुरू होत नाही, आणि एजंट सुरू झाला नाही तर जावा पुढे जातच नाही. ‘एरर: एक्सेप्शन थ्रोन बाय द एजंट’ एवढं लिहून बंद पडतं. म्हणजे देखरेखीची खिडकी उघडली नाही म्हणून अख्खं ॲप्लिकेशन आडवं. बूट होताना टॉमकॅट नेटवर्कच्या आधी उठला की हे होतं. लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीच्या युनिट फाइलमध्ये ‘नेटवर्क.टार्गेट’ पुरत नाही, ‘नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट’ लागतं, आणि ते आफ्टर व वॉन्ट्स दोन्हींत लिहायचं. कीपअलाइव्हडी वगैरेने इकडून तिकडे फिरणारा पत्ता असेल तर तो होस्टमध्ये कधीही देऊ नका. राखीव मशीनवर तो पत्ता नसतोच, त्यामुळे तिथे टॉमकॅट उठणारच नाही, आणि हे तुम्हाला मुख्य मशीन पडेल त्या दिवशी कळेल.

आता मूळ प्रश्नातल्या ‘फक्त अंतर्गत पत्त्यावरून’ या शब्दांकडे येतो. यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. पोर्ट कुठे ऐकतो ही एक, आणि तिथे कोण येऊ शकतं ही दुसरी. होस्ट प्रॉपर्टी फक्त पहिली ठरवते. १०.२०.०.५ वर बांधलं म्हणजे त्या अंतर्गत नेटवर्कवरचं प्रत्येक मशीन येऊ शकतं: डेव्हलपरांचे लॅपटॉप, बॅकअप सर्व्हर, आणि कोणाच्याही लक्षात नसलेला जुना चाचणी सर्व्हरसुद्धा. टॉमकॅटच्या मॅनेजर ॲपला येणाऱ्याचा पत्ता तपासणारा रिमोट-ॲड्रेस व्हॉल्व्ह असतो (अर्थात त्याच मशीनवर पुढे एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर बसवला असेल तर मॅनेजरला प्रत्येक जण १२७.०.०.१ वरूनच आलेला दिसतो, ते वेगळं दुखणं). जेएमएक्सच्या एजंटला तसा व्हॉल्व्ह नाही. ‘कोण’ हे फायरवॉलनेच ठरवायचं.

लिनक्सवर यात आणखी एक खाच आहे. लिनक्स पत्ता हा मशीनचा मानतं, कार्डाचा नाही. १०.२०.०.५ दुसऱ्या कार्डावर लावलेला असला, तरी त्या पत्त्याचं पॅकेट सार्वजनिक बाजूच्या कार्डावर आलं तर लिनक्स ते मुकाट घेतं. इंटरनेटवरून असं पॅकेट सहसा पोचत नाही, कारण १० पासून सुरू होणारे पत्ते बाहेर कोणी रूट करत नाही. पण भाड्याच्या सर्व्हरवर सार्वजनिक कार्डाच्या त्याच नेटवर्क खंडात शेजारी असतात. शेजाऱ्याने ‘१०.२०.०.५ कडे जाण्याचा रस्ता तुमच्या सार्वजनिक पत्त्यातून’ असा एक रूट लिहिला की तो थेट तुमच्या ९०१० वर. ‘आरपी_फिल्टर’ चालू आहे म्हणून निश्चिंत होऊ नका, तो पाठवणाऱ्याचा पत्ता तपासतो, कुठे जायचंय ते नाही. म्हणून लिनक्सच्या ‘एनएफटी’ फायरवॉलमध्ये नियम लिहिताना कार्डाचं नाव घाला: आतल्या कार्डावरून, देखरेखीच्या मशीनच्या पत्त्यावरून, ९०१० आणि ९०११ ला आलेलं घ्या, त्या दोन पोर्टांना बाकी कुठूनही आलेलं टाका.

१२७.०.०.१ ची गोष्ट निराळी आहे. बाहेरून त्या पत्त्यावर आलेलं पॅकेट कर्नल मुळात फेकून देतं, कोणी मुद्दाम ‘रूट_लोकलनेट’ चालू केलेलं नसेल तर. म्हणून मला विचाराल तर मी अंतर्गत पत्त्यावरही बांधत नाही. होस्ट १२७.०.०.१, होस्टनेम १२७.०.०.१, आणि आत यायचं ते एसएसएचच्या बोगद्यातून:

एसएसएच -एल ९०१०:१२७.०.०.१:९०१० -एल ९०११:१२७.०.०.१:९०११ युजर@सर्व्हर

मग तुमच्या लॅपटॉपवर जेकन्सोलला लोकलहोस्ट:९०१० द्या. होस्टनेमचं १२७.०.०.१ इथे पहिल्यांदा खऱ्या कामाला येतं. चिठ्ठीवर १२७.०.०.१:९०११ असतं, जेकन्सोल लॅपटॉपवरच्याच ९०११ वर जातं, आणि तिथे बोगद्याचं दुसरं तोंड असतं. अट एकच, दोन्हीकडचे पोर्ट तेच असायला हवेत. लॅपटॉपवर ९०११ दुसऱ्या कशाने धरलाय म्हणून डावीकडे १९०११ लिहिलंत तर चालणार नाही, कारण चिठ्ठी सर्व्हरने लिहिलेली आहे आणि तिला तुमचा बदल माहीत नाही. एकापेक्षा जास्त सर्व्हर एकाच वेळी बघायचे असतील तर प्रत्येकाला निराळी पोर्टांची जोडी द्या.

या पद्धतीत कोण आलं याची नोंद एसएसएचच्या लॉगमध्ये राहते आणि नोकरी सोडून गेलेल्याची की काढली की जेएमएक्सचा रस्ताही बंद होतो. मात्र सर्व्हरवर ज्याला लॉगिन आहे असा कुठलाही युजर, आणि तिथे चालणारी कुठलीही दुसरी प्रोसेस, १२७.०.०.१ वर येऊ शकते हे धरून चाला.

म्हणूनच पासवर्ड काढू नका. पोर्ट दिला की ऑथेंटिकेट आणि एसएसएल ही दोन्ही आपोआप ट्रू असतात. जगभरच्या स्क्रिप्टांमध्ये ती फॉल्स दिसतात, कारण कोणीतरी कधीतरी ‘आधी चालू तर होऊ दे’ म्हणून केलेली असतात. बिनपासवर्डाचं जेएमएक्स म्हणजे केवळ आकडे बघायची खिडकी नव्हे. जावा २३ च्या आधीच्या आवृत्त्यांत एम-लेट नावाचा एमबीन बनवून दूरच्या पत्त्यावरून क्लास लोड करायचा आणि मनाजोगता कोड चालवायचा, हा हल्ला वर्षानुवर्षं माहीत आहे. कोड नाही चालवला तरी रनटाइम एमबीनमध्ये सगळ्या सिस्टम प्रॉपर्टी वाचता येतात. तुमच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये ‘-डी’ लावून डेटाबेसचा पासवर्ड दिलेला असेल तर तो तिथे जसाच्या तसा, साध्या अक्षरांत दिसतो. जेकन्सोलमध्ये एमबीन्सच्या टॅबवर जावा.लँग, मग रनटाइम, मग सिस्टमप्रॉपर्टीज उघडून एकदा स्वतः बघाच. लोक फायरवॉलचे नियम एरवी टाळत असतात, हे बघितल्यावर त्याच दुपारी लिहितात.

पासवर्डची फाइल फक्त मालकाला वाचता येईल अशी हवी, म्हणजे ‘सीएचमॉड ६००’, आणि मालक तोच युजर ज्याच्या नावाने टॉमकॅट चालतो. सैल ठेवली तर जावा ‘पासवर्ड फाइल रीड ॲक्सेस मस्ट बी रिस्ट्रिक्टेड’ म्हणून सुरूच होणार नाही. ॲक्सेसच्या फाइलमध्ये देखरेखीच्या युजरला ‘रीडओन्ली’ द्या. वर सांगितलेला प्रॉपर्टींचा धोका रीडओन्लीने जात नाही, वाचायला रीडओन्ली पुरेसं आहेच. म्हणून पासवर्ड ‘-डी’ने द्यायची सवय आधी मोडा.

उलट बाजूने, पासवर्ड आहे म्हणून पत्ता मोकळा सोडायचा असंही नाही. एप्रिल २०१६ मध्ये ओरॅकलने जावातली सीव्हीई-२०१६-३४२७ या क्रमांकाने नोंदलेली सुरक्षेची उणीव दुरुस्त केली. त्यात घोटाळा असा होता की पासवर्ड म्हणून पाठवलेली वस्तू जावा आधी उलगडायचं आणि पासवर्ड बरोबर आहे का ते नंतर बघायचं. उलगडतानाच हल्ला साधायचा. म्हणजे पासवर्ड माहीत नसलेल्यालाही नुसता पोर्ट दिसणं पुरेसं होतं. टॉमकॅटचा स्वतःचा जेएमएक्स-रिमोट लिसनर त्या दुरुस्तीत मागे राहिला म्हणून त्याच्यासाठी वेगळा सीव्हीई-२०१६-८७३५ निघाला.

तो लिसनर तुमच्याकडे अजून असेल तर: जेव्हा जावामध्ये दुसरा पोर्ट नक्की करायची सोय नव्हती तेव्हा त्याने मोठं काम केलं. आता ते सगळं जावातच आहे, टॉमकॅट १० मधून तो काढून टाकला आहे, तेव्हा अपग्रेडच्या आधीच वरच्या ओळींवर या. आणि जावा ८ च्या १०२ पेक्षा जुनी आवृत्ती चालवत असाल तर होस्ट प्रॉपर्टी दिली तरी ती ओळखत नाही, आणि तक्रारही करत नाही. अनोळखी ‘-डी’ जावा गुपचूप गिळतं. स्पेलिंग चुकलं तरी हेच होतं, म्हणून पुन्हा सांगतो, ‘एसएस’ बघितल्याशिवाय झालं म्हणू नका. एवढं जुनं जावा असेल तर फायरवॉल हाच उपाय, किंवा स्वतःचं सॉकेट फॅक्टरी लिहून एजंट बांधणं. दुसरा रस्ता धरण्याआधी जावा का बदलत नाही ते स्वतःला विचारा.

ही चूक फक्त आपल्यासारख्यांच्या स्क्रिप्टांत होते असं नाही. अपाचे कॅसान्ड्रा (एक डेटाबेस) बराच काळ ७१९९ वर बिनपासवर्डाचं जेएमएक्स सगळ्या पत्त्यांवर उघडून देत होतं. ते सीव्हीई-२०१५-०२२५ म्हणून नोंदलं गेलं आणि २.०.१४ व २.१.४ पासून मूळ सेटिंग ‘फक्त लोकल’ झालं. अपाचे सोलर या सर्च सर्व्हरच्या ८.१.१ आणि ८.२.० मध्ये लिनक्सवरच्या मूळ सेटिंग फाइलमध्येच रिमोट जेएमएक्स चालू राहिलं होतं, पोर्ट १८९८३, तो सीव्हीई-२०१९-१२४०९. संदेश वाहून नेणारं काफ्का वापरत असाल तर ‘जेएमएक्स_पोर्ट’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल देताना जपून. त्याची चालवणारी स्क्रिप्ट, तुम्ही ‘काफ्का_जेएमएक्स_ऑप्ट्स’ वेगळं दिलं नाही तर, ऑथेंटिकेट आणि एसएसएल दोन्ही फॉल्स करून देते. शिवाय तो व्हेरिएबल शेलमध्ये एक्सपोर्ट केलेला राहिला की ‘काफ्का-टॉपिक्स’ सारखी साधी कमांडसुद्धा तोच पोर्ट धरायला जाते आणि आपटते.

डॉकरमध्ये, म्हणजे ॲप्लिकेशन वेगळ्या कंटेनरमध्ये चालवताना, मात्र वरचं गणित उलटं करावं लागतं. कंटेनरच्या आत होस्ट १२७.०.०.१ दिलं तर प्रकाशित केलेल्या पोर्टवरून आत काहीच पोचत नाही, कारण कंटेनरचं १२७.०.०.१ त्याचं स्वतःचं असतं. कंटेनरचा पत्ता दर वेळी बदलतो, तो देण्यात अर्थ नाही. तिथे आत मोकळं ठेवा आणि बंधन बाहेर लावा: ‘-पी १२७.०.०.१:९०१०:९०१०’ आणि तसंच ९०११ साठी, होस्टनेम १२७.०.०.१. पोर्ट आतबाहेर तेच, कारण वर सांगितलेलंच. नुसतं ‘-पी ९०१०:९०१०’ लिहून यूएफडब्ल्यू या फायरवॉलवर भरवसा ठेवू नका. डॉकर स्वतःचे नियम वेगळ्या साखळीत लिहितो आणि ते वाहतुकीला यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत येऊच देत नाहीत. ‘यूएफडब्ल्यू स्टेटस’ ९०१० बंद दाखवेल आणि पोर्ट बाहेरून उघडा असेल. नियम हवाच असेल तर डॉकर-युजर साखळीत. कुबरनेटिसमध्ये (बरेच कंटेनर सांभाळणाऱ्या व्यवस्थेत) हा त्रास नाही, तिथे पॉडमध्ये १२७.०.०.१ वरच बांधा आणि ‘क्यूबसीटीएल पोर्ट-फॉरवर्ड’ने या.

शेवटी एक उलटा प्रश्न: दूरचं जेएमएक्स तुम्हाला नक्की कशाला हवंय? ग्राफसाठी हवं असेल तर आरएमआयची ही सगळी कसरत सोडून द्या. प्रोमिथियस या देखरेखीच्या साधनाचा जेएमएक्स एक्सपोर्टर जावा एजंट म्हणून आतच बसतो, साध्या एचटीटीपीवर आकडे देतो, आणि पोर्टच्या आधी पत्ता लिहिला की त्याच पत्त्यावर ऐकतो. एकच पोर्ट, चिठ्ठी नाही, आणि बाहेरच्याला फक्त वाचता येतं. एमबीनच्या मेथड चालवायच्या असतील तर जेएमएक्स एचटीटीपीवरून देणारं जोलोकिया बघा. त्याचा जेव्हीएम एजंट मुळातच लोकलहोस्टवर बसतो आणि त्याच्या धोरणाच्या फाइलमध्ये कोणत्या पत्त्यांवरून येऊ द्यायचं तेही लिहिता येतं, म्हणजे वर ज्याची उणीव सांगितली तो व्हॉल्व्ह तिथे आहे.

आणि महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या वेळी, काहीतरी अडकल्यावरच जेकन्सोल लागत असेल, तर पोर्ट कायम उघडा ठेवायचंच कारण नाही. टॉमकॅट ज्या युजरच्या नावाने चालतो त्याच युजरने सर्व्हरवर जावासोबत येणाऱ्या ‘जेसीएमडी’ कमांडला प्रोसेस क्रमांक आणि ‘मॅनेजमेंटएजंट.स्टार्ट’ द्या, पुढे पोर्ट, आरएमआय.पोर्ट वगैरे त्याच प्रॉपर्टी. चालत्या जावामध्ये एजंट उठतो, रीस्टार्ट लागत नाही. यात होस्टनेम देता येत नाही, ते मात्र सेटएन्व्हमध्ये आधीच लिहून ठेवा. काम झालं की ‘मॅनेजमेंटएजंट.स्टॉप’, आणि ‘एसएस’मधून ९०१० व ९०११ गेले का ते बघून मगच टर्मिनल बंद करा.